बारावा गडी कुणाच्या जागेवर?

३१ मार्च २०२३. अहमदाबादला आयपीएलच्या सोळाव्या हंगामाचा पहिला सामना, चेन्नई विरुद्ध गुजरात. त्या एकाच रात्री सामना चालू असताना एक खेळाडू बदलू देणारा ‘इम्पॅक्ट प्लेअर’ नावाचा नवा नियम दोनदा वापरला गेला. चेन्नईनं आपली फलंदाजी संपल्यावर अंबाती रायुडूला बसवलं आणि कल्याणच्या तुषार देशपांडेला गोलंदाजीसाठी आत आणलं. रायुडूला काही झालं नव्हतं. त्याची फलंदाजी झाली होती, एवढंच. गुजरातकडे मात्र वेगळं घडलं होतं. सीमारेषेवर षटकार अडवायला झेपावताना केन विल्यमसनचा गुडघा दुखावला, त्याला मैदान सोडावं लागलं आणि त्याच्या जागी साई सुदर्शन फलंदाजीला उतरला.

दोन्ही बदल नियमात बसणारे होते. पण एक बदल माणूस जायबंदी झाला म्हणून झाला, आणि दुसरा माणसाचं निम्मं काम उरकलं म्हणून. पहिल्या प्रकाराला कुणाचाच विरोध असायचं कारण नाही. वाद आहे तो दुसऱ्या प्रकाराशी. गेल्या काही वर्षांत आयपीएलमधल्या संघनिवडीचं गणित या दुसऱ्या प्रकारानं पार उलटं करून टाकलं आहे, आणि त्याची झळ मुंबई-बंगळुरूच्या अकादम्यांपेक्षा सांगली-साताऱ्यासारख्या जिल्ह्यांतल्या पोरांना जास्त लागणार आहे.

नियमाच्या बाजूनं सगळ्यात जोरात सांगितला जाणारा मुद्दा आधी घ्यायला हवा. मे २०२४ मध्ये बीसीसीआयचे तेव्हाचे सचिव जय शहा यांनी हा नियम म्हणजे एक प्रयोग आहे असं सांगितलं आणि त्याचा मोठा फायदा म्हणून प्रत्येक सामन्यात दोन जास्तीच्या भारतीय खेळाडूंना संधी मिळते हे पुढे ठेवलं. हिशेब म्हणून यात चूक नाही. परदेशी खेळाडू चारच, मग अकराच्या संघात किमान सात भारतीय. बारा झाले की आठ. दोन्ही संघांचे मिळून दोन वाढले. हा हिशेब तेव्हापासून चावडीवर, क्लबात, टीव्हीसमोर सगळीकडे ऐकू येतो. लहान गावातल्या पोराला आता एक दार जास्त उघडलं, असं त्याचं मराठी भाषांतर केलं जातं.

पण दार कुणासाठी उघडलं, हे कुणी विचारत नाही.

वीस षटकांच्या सामन्यात एका गोलंदाजाला चारच षटकं टाकता येतात. म्हणजे पाच गोलंदाज लागतातच, आणि एखाद्याला मार पडला तर सहावा हाताशी हवा. अकरा जणांत पाच शुद्ध गोलंदाज घेतले तर यष्टिरक्षक धरून फलंदाज उरतात सहा. सातव्या क्रमांकापासून शेपूट सुरू. ही अडचण सोडवण्यासाठीच कर्णधार आणि निवड करणारे अष्टपैलू खेळाडू शोधत असत. सहाव्या-सातव्या क्रमांकावर येऊन पंचवीस धावा करणारा आणि गरज पडली तर तीन षटकं टाकणारा माणूस. फलंदाजीत तो पहिल्या चारांत बसत नाही, गोलंदाजीत पहिल्या तिघांत बसत नाही, पण त्याच्यावाचून संघाचं माप जुळत नाही. बारावा गडी आला आणि माप त्याच्यावाचून जुळायला लागलं. यष्टिरक्षक धरून सात फलंदाज, पाच गोलंदाज, दोन डावांच्या मध्ये एक अदलाबदल. शेपूट आठव्या क्रमांकापासून, आणि गोलंदाज पाचच्या पाच तज्ज्ञ. मधल्या माणसाचं काम संपलं.

म्हणजे खुर्ची एक वाढली हे खरं, पण ती वाढवताना ज्याच्या बुडाखालची खुर्ची काढली तो माणूसही भारतीयच होता. आणि तो बहुतेक वेळा लहान गावचा होता, हे जिल्हा पातळीवरचं क्रिकेट ज्यांनी पाहिलं आहे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही. मोठ्या शहरातल्या मुलाला वयाच्या दहाव्या वर्षी गोलंदाजीचा वेगळा प्रशिक्षक, फलंदाजीचा वेगळा, बोलिंग मशीन, टर्फची खेळपट्टी असं मिळू शकतं. तासगाव, विटा, कराड किंवा फलटणच्या मुलाचं तसं नसतं. शाळेच्या संघात तो तिसऱ्या क्रमांकावर खेळतो आणि नवा चेंडूही तोच टाकतो, कारण दुसरं कुणी नसतं. सुट्टीच्या दिवशी टेनिस बॉलच्या स्पर्धेत गावाकडून खेळताना त्याला सगळंच करावं लागतं. दोन कामं येणं हेच त्याचं भांडवल. निवड चाचणीला तो आला की ‘दोन्ही करतो’ या दोन शब्दांवर त्याचं नाव यादीत टिकून राहायचं. ज्या भांडवलावर तो पुढे जायचा, त्याचीच किंमत या नियमानं कमी केली.

सांगलीला तर हे समजावून सांगायची गरजच पडू नये. विजय हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगलीत झाला. आज त्यांचं नाव देशांतर्गत एकदिवसीय स्पर्धेच्या करंडकावर आहे आणि फलंदाज म्हणूनच ते लोकांच्या लक्षात आहेत. १९४८ च्या जानेवारीत ॲडलेडला त्यांनी एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत ११६ आणि १४५ धावा केल्या. असं करणारे ते पहिले भारतीय. पण त्याच सामन्यात डॉन ब्रॅडमनचा २०१ धावांवर त्रिफळा उडवणारे गोलंदाजही हजारेच होते, आणि त्याआधी सिडनीत ब्रॅडमनला १३ धावांवर त्रिफळाचीत केलं होतं तेही त्यांनीच. प्रथम श्रेणीत १८,७४० धावांबरोबर त्यांच्या नावावर ५९५ बळी आहेत. ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर क्लॅरी ग्रिमेट जतच्या संस्थानिकांच्या बोलावण्यावरून प्रशिक्षण द्यायला आला होता, त्याचं मार्गदर्शन हजाऱ्यांना लाभलं. आजच्या सांगली जिल्ह्यातल्या जतसारख्या दुष्काळी मुलखात तेव्हा असं काही घडत होतं, हे वाचून आजही छाती भरून येते. जो माणूस दिवसभर फलंदाजी करून दुसऱ्या दिवशी मध्यमगती गोलंदाजी करायचा, त्याला आजच्या वीस षटकांच्या हिशेबात फलंदाजी झाल्यावर डगआउटमध्ये बसवलं गेलं असतं. हजारे मोठेच होते. ते कुठेही खेळलेच असते. पण तयार होण्याच्या वयात, वीस-एकवीसच्या उंबऱ्यावर, त्यांच्या हातात चेंडू दिला गेला असता का, हा प्रश्न साधा नाही.

इथे कबड्डीवाले एक आक्षेप घेतात आणि तो नीट ऐकण्यासारखा आहे. वाळवा तालुक्यात, इस्लामपूर-कासेगावच्या पट्ट्यात कबड्डी रक्तात आहे. कासेगावच्या काशिलिंग आडकेनं दबंग दिल्लीकडून प्रो कबड्डीत नाव काढलं ते याच मातीतून. कबड्डीवाल्यांचं म्हणणं असं की बदली गडी घेण्यात एवढं काय मोठं पाप आहे? कबड्डीत बारा जणांचा संघ असतो, सात मैदानात, पाच राखीव. दम लागलेला चढाईपटू बाहेर येतो, ताजा आत जातो, आणि बाहेर गेलेल्याला पुन्हा आतही घेता येतं. म्हणून कबड्डी बिघडली का?

नाही बिघडली. पण का बिघडली नाही, ते पाहिलं की क्रिकेटमधला हा नियम कुठे चुकला ते आपोआप कळतं. कबड्डीच्या नियमपुस्तकात बाद झालेल्या गड्याच्या जागी बदली गडी घेता येत नाही. पंचांनी ज्याला शिक्षा म्हणून बाहेर काढलं त्याच्या जागीही नाही. बाद झालेला गडी बाहेर बसणार, आणि त्याच्या संघानं गुण मिळवला की मगच उठणार. जुन्या काळी संजीवनी, गामिनी आणि अमर असे हुतूतूचे तीन प्रकार खेळले जात. त्यातली गडी उठण्याची संजीवनी पद्धत पुढे रुजली, पण उठायचं ते संघाच्या कमाईवर, बाकावरून ताजा माणूस पाठवून नव्हे. बाद होण्याची किंमत संघ मैदानातच मोजतो.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कबड्डीत चढाई करून आलेला माणूस पकडीच्या वेळी घरी जात नाही. समोरचा गडी ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत आत शिरला की मघाशी चार गुण घेऊन आलेला चढाईपटूही साखळीत उभा असतो. त्याची पकड कच्ची असेल तर समोरचा तिथेच घुसतो, आणि ते झाकायला संघाला बाकीच्यांची रचना बदलावी लागते. चढाईपटू निवडताना प्रशिक्षक म्हणूनच त्याचे पायही पाहतो आणि हातही. क्रिकेटच्या नव्या नियमानं केलं आहे ते असं की चढाई संपली की चढाईपटूला उठवायचं आणि त्याच्या जागी फक्त पकड करणारा माणूस उभा करायचा. असा नियम उद्या कबड्डीत आला तर कासेगावच्या कोणत्याही तालमीतला वस्ताद तो मान्य करणार नाही.

क्रिकेटमध्ये बाद झालेला फलंदाज बदलता येतो. चार षटकं संपवलेला गोलंदाज बदलता येतो आणि त्याच्या जागी आलेला स्वतःची पूर्ण चार षटकं टाकू शकतो. फलंदाजीला बंधन एवढंच की एका डावात अकराच जणांनी फलंदाजी करायची. बाकी बरंच मोकळं. ज्याला धावता येत नाही, ज्याच्या हातून झेल सुटतात, ज्याला वीस षटकं उन्हात किंवा दवात उभं राहायचं नाही, त्याच्या उणिवेची भरपाई आता संघाला करावी लागत नाही. क्षेत्ररक्षण हा खेळाचा तिसरा भाग फलंदाजापुरता ऐच्छिक होऊन बसला.

‘तरुणांना संधी’ हा मुद्दा इथेही कसोटीला उतरत नाही. २०२५ च्या हंगामात मुंबईनं रोहित शर्माला अनेक सामन्यांत इम्पॅक्ट प्लेअर म्हणून वापरलं. त्यानं फलंदाजी केली आणि क्षेत्ररक्षणाला दुसरा माणूस उभा राहिला. त्याच हंगामाच्या सुरुवातीला बोट दुखावलेला संजू सॅमसन राजस्थानकडून फक्त फलंदाजीपुरता आला. २०२३ मध्ये बंगळुरूचा फाफ डु प्लेसी दुखापत सांभाळत असाच खेळला होता. त्यांनी नियमातलंच केलं, त्यांना दोष देता येत नाही. सॅमसन आणि डु प्लेसी तर दुखापतीतूनच खेळत होते. पण नवख्यांसाठी म्हणून वाढवलेली जागा जाणत्या खेळाडूला निम्म्या कामाची सूट देण्यासाठीही वापरली जाते, हे तरी मान्य करायला हवं. आणि ज्या रोहितला या नियमाचा लाभ झाला, त्यानं स्वतःच २०२४ च्या एप्रिलमध्ये हा नियम आपल्याला आवडत नाही असं स्पष्ट सांगितलं होतं. शिवम दुबे आणि वॉशिंग्टन सुंदर यांची नावं घेऊन, त्यांना गोलंदाजीच मिळत नाही, अष्टपैलू घडणं थांबेल, असं त्याचं म्हणणं होतं. त्या हंगामात चेन्नईनं दुबेला फलंदाज म्हणून भरपूर खेळवलं, पण त्याच्या हातात चेंडू जवळजवळ दिलाच नाही. पुढे विराट कोहलीनंही रोहितच्या मताला दुजोरा दिला.

यावर उत्तर येतं की एवढं नुकसान होत असेल तर भारतानं २०२४ चा वीस षटकांचा विश्वचषक कसा जिंकला? जिंकलाच, आणि कुणी जिंकून दिला तेही पाहावं. २९ जूनला बार्बाडोसच्या अंतिम सामन्यात भारत अडचणीत असताना पाचव्या क्रमांकावर बढती मिळालेल्या अक्षर पटेलनं ४७ धावा केल्या, दुबेनं २७ केल्या, आणि हार्दिक पांड्यानं तीन बळी घेताना शेवटचं षटक टाकलं. रवींद्र जडेजाही त्या अकरांत होता. पुढच्या वर्षी मार्चमध्ये दुबईत चॅम्पियन्स करंडक जिंकणाऱ्या संघातही हार्दिक, अक्षर आणि जडेजा तिघेही होते. सात फूट खोल मुळं गेलेली ही झाडं आहेत, आणि ती सगळी २०२३ च्या आधी लावलेली आहेत. जडेजा आयपीएलच्या पहिल्याच, २००८ च्या हंगामातला. हार्दिक २०१५ चा. त्यांना आज या नियमानं काही होत नाही, यावरून रोपवाटिकेचं बरं चाललंय असं कुणी म्हणत असेल तर तो फसवा हिशेब आहे. पाच-सात वर्षांनी जेव्हा ही पिढी थांबेल, तेव्हा मागे कोण आहे हे दिसेल.

अष्टपैलूपणाची गोष्ट निघाली की सगळे हार्दिकचं नाव घेतात. पण खरं नुकसान त्याच्यापेक्षा एक पायरी खालच्या माणसाचं आहे: कामचलाऊ गोलंदाजाचं. महाराष्ट्राकडे त्याचं ठळक उदाहरण आहे. पुण्याचा केदार जाधव. फलंदाज म्हणून भारतीय संघात आला, बुटका, आणि हात जवळजवळ आडवा नेऊन टाकलेली त्याची ऑफस्पिन कुणी गांभीर्यानं घ्यावी अशी दिसत नव्हती. २०१६ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध धोनीनं त्याच्या हातात चेंडू दिला आणि तेव्हापासून तो जोडी फोडणारा माणूस झाला. २०१८ च्या आशिया चषकात पाकिस्तानविरुद्ध त्यानं २३ धावांत तीन बळी घेतले. एकदिवसीय सामन्यांत २७ बळी आहेत त्याच्या नावावर. हे बळी कुठल्याही अकादमीच्या तक्त्यावर आधी दिसले नव्हते. कर्णधाराला दुसरा पर्याय नव्हता, म्हणून ते सापडले. अडचण असली की माणूस शोधला जातो. पाच तज्ज्ञ गोलंदाज कायम हाताशी असतील तर कुठलाही कर्णधार केदारकडे वळून बघणार नाही, आणि नेटमध्ये त्याला चेंडू टाकायला सांगायला प्रशिक्षकालाही कारण उरणार नाही.

डावपेच वाढले, खेळ जास्त डोक्याचा झाला, हा समर्थकांचा दुसरा मुद्दा. रविचंद्रन अश्विनसारखा बुद्धिमान खेळाडू या बाजूनं बोलतो, म्हणून तो हलक्यानं घेता येत नाही. पण प्रत्यक्षात काय दिसतं? नाणेफेकीनंतर कर्णधार आपली अंतिम यादी देतो. आधी फलंदाजी असेल तर एक फलंदाज जास्त, नंतर त्याच्या जागी गोलंदाज. आधी गोलंदाजी असेल तर उलटं. बहुतेक सामन्यांत हा बदल दोन डावांच्या मध्यंतरात ठरल्याप्रमाणे होतो. बघणाऱ्याला तो आधीच सांगता येतो. याला डावपेच म्हणायचं असेल तर शिफ्ट बदलण्यालाही म्हणावं लागेल. खरा डावपेच होता तो अकरा नावं लिहिताना: फिरकीला मदत मिळेल असं वाटून जादा फिरकीपटू घ्यायचा आणि दव पडलं तर पस्तावायचं, की फलंदाजी लांबवायची आणि सहावा गोलंदाज म्हणून कुणाच्या तरी अर्ध्या कौशल्यावर भरवसा ठेवायचा. त्या निर्णयात जोखीम होती. या नियमानं जोखीमच काढून घेतली.

हा प्रयोग जगात पहिल्यांदा होतोय असंही नाही. २००५ च्या जुलैपासून आयसीसीनं एकदिवसीय सामन्यांत ‘सुपरसब’ आणला होता. त्याचं नाव नाणेफेकीआधी द्यावं लागे, त्यामुळे नाणेफेक हरणाऱ्याचा बारावा माणूस बहुधा फुकट जाई. वर्षाच्या आत तो नियम गुंडाळावा लागला. ऑस्ट्रेलियाच्या बिग बॅश लीगनं २०२० मध्ये ‘एक्स फॅक्टर’ आणला. त्यात पहिल्या डावाच्या दहा षटकांनंतर, ज्यानं फलंदाजी केलेली नाही किंवा एकापेक्षा जास्त षटक टाकलेलं नाही, अशाच खेळाडूला बदलता येत होतं. म्हणजे निम्मं काम करून निघून जायला तिथे मुभा नव्हती. तरीही दोन हंगामांनी त्यांनी तो सोडून दिला.

ऑस्ट्रेलियाचंच आणखी एक उदाहरण इथे उपयोगी आहे, कारण बदली खेळाडू हा त्या खेळाचा प्राण आहे. तिथल्या ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये अठरा जण मैदानात आणि ठरावीक खेळाडू बाकावर असतात. ते हवं तितक्या वेळा आत-बाहेर करू शकत. धावून थकलेल्यांना सतत फिरवून प्रत्येकाला ताजं ठेवायचं, असा खेळ होऊ लागला. मग त्यांनी उलट्या दिशेनं पावलं टाकली. २०१४ मध्ये एका सामन्यात एका संघाला १२० अदलाबदलींची मर्यादा आली, २०१६ मध्ये ती ९० झाली आणि २०२१ मध्ये ७५. त्याबरोबर संघनिवडही बदलली: पूर्ण वेळ दमानं धावू शकणाऱ्याला आणि दोन जागा सांभाळू शकणाऱ्याला भाव आला, एकाच कामाच्या जादा उंच माणसाला बाकावर जागा देताना प्रशिक्षक दोनदा विचार करू लागले. नियमाचा एक आकडा हलला की कोणत्या प्रकारच्या पोराला संघात जागा मिळते ते हलतं, हे त्या खेळानं उघडपणे ओळखलं आणि मर्यादा आणखी आणखी घट्ट केली. इकडे आपण नेमकी तीच दोरी ढिली सोडली.

आणि स्वतः बीसीसीआयलाही हे पटलेलं दिसतं, निदान अर्धं. हा नियम पहिल्यांदा आणला गेला तो ऑक्टोबर २०२२ मध्ये, सय्यद मुश्ताक अली या देशांतर्गत वीस षटकांच्या स्पर्धेत. २०२४-२५ च्या हंगामापासून त्याच स्पर्धेतून तो काढून टाकला. आयपीएलमध्ये मात्र २०२७ पर्यंत तो राहणार असं ठरलं. याचा परिणाम मिरजेच्या किंवा कोरेगावच्या वीस वर्षांच्या मुलाच्या दृष्टीनं पाहा. महाराष्ट्राच्या संघात निवडून यायचं तर त्याला दोन्ही कामं यायला हवीत, कारण तिथे अकराच जण खेळतात. तिथे चमकून आयपीएलच्या लिलावात जायचं तर विचारलं जातं, तुझं एक काम कोणतं? वर्षाचे दहा महिने त्यानं एका मापाचा खेळाडू व्हायचं आणि उरलेले दोन महिने दुसऱ्या. पैसा आणि प्रसिद्धी ज्या बाजूला आहे, त्याच बाजूला पोरं झुकणार. त्यात त्यांची चूक नाही. २०२५ पासून महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये सातारा वॉरिअर्स नावाचा संघ उतरला आहे. साताऱ्याच्या नावानं संघ असावा ही आनंदाचीच गोष्ट. पण त्या संघाकडे बघून मैदानात येणाऱ्या शाळकरी मुलाला आपण काय शिकवणार आहोत, ते आता ठरवावं लागेल.

राजस्थानच्या ध्रुव जुरेलचं काय, वैभव सूर्यवंशीचं काय, असं विचारलं जातं. जुरेल २०२३ मध्ये गुवाहाटीत इम्पॅक्ट प्लेअर म्हणूनच पहिल्यांदा उतरला आणि १५ चेंडूंत नाबाद ३२ करून गेला; पुढे कसोटीतही त्यानं रांचीला ९० धावांची फार मोलाची खेळी केली. त्या संधीचं श्रेय नियमाला द्यायलाच हवं. सूर्यवंशी १९ एप्रिल २०२५ रोजी, चौदा वर्षांचा असताना, असाच बाकावरून आला आणि पहिल्याच चेंडूवर षटकार मारला. पण त्या दिवशी संजू सॅमसन दुखापतीमुळे खेळत नव्हता आणि सलामीची जागा रिकामी होती. असा मुलगा अकरांच्या संघातही त्या जागेवर आला नसता, असं म्हणणं अवघड आहे. शिवाय दोघंही फलंदाज आहेत, जुरेल यष्टिरक्षक आहे. नियमाची बाजू घेणारे जी नावं सांगतात त्यांत फलंदाज किंवा गोलंदाज म्हणून आलेलेच भरपूर सापडतात. शाहबाज अहमदनं २०२४ च्या दुसऱ्या पात्रता सामन्यात बाकावरून येऊन फलंदाजीही केली आणि तीन बळीही घेतले, हे खरं. पण एका शाहबाजच्या बदल्यात किती जणांच्या हातातून चेंडू काढून घेतला गेला, हेही विचारायला हवं.

धावांच्या डोंगरांचा दोष सगळा या नियमावर ढकलणं बरोबर होणार नाही. २६ एप्रिल २०२४ रोजी ईडन गार्डन्सवर कोलकात्याच्या २६१ धावा पंजाबनं आठ चेंडू राखून पार केल्या, त्याला पाटा खेळपट्टी आणि जवळच्या सीमारेषाही कारणीभूत होत्या. पण सातव्या क्रमांकापर्यंत फलंदाज आहेत हे माहीत असलेला सलामीवीर पहिल्या चेंडूपासून बेफिकीर मारतो, कारण बाद होण्याची किंमत स्वस्त झालेली असते. गोलंदाजाच्या बाजूनं कुणी विचार केलेला दिसत नाही.

बायकांच्या क्रिकेटकडे पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. महिलांच्या प्रीमियर लीगनं हा नियम घेतलेला नाही. सांगलीच्या माधवनगरात वाढलेली स्मृती मानधना २०२४ मध्ये बंगळुरूला विजेतेपद मिळवून देताना कर्णधार म्हणून अकराच जणींची मांडणी करत होती. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ती शफाली वर्मासोबत सलामीला उतरली. शफाली त्या संघात होती तीच मुळी प्रतिका रावल जायबंदी झाली म्हणून. पडलेल्या माणसाच्या जागी माणूस घेणं म्हणतात ते हे. स्मृतीनं ४५ केल्या, शफालीनं ८७, भारताच्या २९८. मग दक्षिण आफ्रिकेची जोडी जमत असताना कर्णधार हरमनप्रीतनं चेंडू कुणाकडे दिला? शफालीकडे, जी क्वचितच गोलंदाजी करते. तिनं सुने लुस आणि मारिझान काप यांना पाठोपाठ काढलं. अमनज्योत कौरनं, जी स्वतः अष्टपैलू आहे, थेट फेक करून ताझमिन ब्रिट्सला धावबाद केलं आणि शतक झालेल्या लॉरा वोल्वार्डचा झेल तीनदा हात बदलत धरला. दीप्ती शर्मानं ५८ धावा करून पाच बळी घेतले. आफ्रिका २४६ वर संपली. ज्या दोन षटकांनी सामना फिरला त्यातली शफालीची गोलंदाजी पुरुषांच्या आयपीएलच्या हिशेबात झालीच नसती: ८७ करून ती बाकावर बसलेली असती आणि तिच्या जागी एक तज्ज्ञ गोलंदाज आलेली असती.

बदलीची खरी गरज आहे तिथे मात्र नियम अजून अपुरा आहे, आणि शक्ती तिथे लावायला हवी होती. ३१ जानेवारी २०२५ ला पुण्याजवळ गहुंज्याला इंग्लंडविरुद्ध शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू लागला आणि त्याच्या जागी हर्षित राणा आला. राणानं तीन बळी घेतले, भारत जिंकला. जोस बटलरनं सामन्यानंतर नाराजी व्यक्त केली, कारण डोक्याला मार लागल्यास ‘तसाच खेळाडू’ बदली द्यायचा असतो आणि दुबे हा राणासारखा जलद गोलंदाज नव्हे. भारत जिंकला तरी बटलरची तक्रार रास्त होती. तसाच खेळाडू हे तत्त्व चांगलं आहे. ते काटेकोर पाळायला हवं. चार दिवसांच्या देशांतर्गत सामन्यांत गंभीर दुखापतीला तसाच बदली खेळाडू देण्याची सोय २०२५-२६ पासून झाली आहे, ती योग्यच आहे.

२०२७ चा हंगाम संपला की हा नियम पुन्हा टेबलावर येईल. तोवर सांगली आणि साताऱ्याच्या जिल्हा संघटनांच्या हातात काही गोष्टी आहेत. वयोगटाच्या चाचणीत फलंदाज आणि गोलंदाज अशा दोन वेगळ्या रांगा लावणं बंद करता येईल. फलंदाज म्हणून आलेल्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला दोन षटकं टाकायला लावता येतील, गोलंदाजाला दहा चेंडू खेळायला लावता येतील, आणि त्याची नोंद निवड समितीच्या कागदावर येईल. शालेय सामन्यांत बारावा माणूस पाणी घेऊन आत येईल आणि कुणाला लागलं तरच खेळेल, हे स्पष्ट लिहून ठेवता येईल. आणि नियमाबद्दलचा विरोध महाराष्ट्र क्रिकेट संघटनेमार्फत लेखी कळवता येईल, २०२७ च्या आधी, जिल्ह्याच्या नावानं.